समाधानी कुटुंबाचं पत्र

सरकार एका डॉलरला एक डॉलर देणार असं कळलं, त्या दिवशी आमच्या मंडळाला सिंगापुरातले गरीब मराठी आठवले. तोवर ते आम्हाला दिसत नव्हते असं नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते आमच्याच पुढेमागे उभे असत. पण त्यांच्यासाठी आपण जेवढे जमवू तेवढेच पैसे सरकार वर घालणार म्हटल्यावर त्यांच्याविषयी आम्हाला जो उमाळा आला, तसा पूर्वी कधी आला नव्हता.

योजना साधी होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी मंडळाने वर्गणी गोळा करायची, तेवढीच भर सरकार घालणार आणि सगळी रक्कम त्या कुटुंबांसाठी खर्च करायची. ती त्यांच्या हातात द्यावी असं कुठेही लिहिलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं नसतं ते बरोबर वाचण्यात आम्हा लोकांचा हातखंडा आहे.

पाच जणांची समिती झाली. अध्यक्ष एका मोठ्या बँकेत बऱ्याच वरच्या जागेवर. मीही बँकेतच, पण नियम पाळले जातात की नाही हे बघणाऱ्या खात्यात, म्हणजे ज्यांना कोणी जेवायला बोलावत नाही त्यांच्यात. मला समितीत घेतलं ते माझं इंग्रजी चांगलं म्हणून. पत्रं, अहवाल, आभार, सगळं माझ्याकडे. पुण्यात असताना शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं, त्याची किंमत मी अजून मोजते आहे.

बैठका अध्यक्षांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होत. तिथला एसी इतका की गरिबीवर चर्चा करायला शाल घेऊन जावं लागे. पहिल्याच बैठकीत खर्चाचे मुद्दे निघाले: घरखर्चाच्या नियोजनावर कार्यशाळा, तिच्यासाठी हॉल, बॅनर, वक्ता, वक्त्याला शाल-श्रीफळ, अल्पोपाहार, छायाचित्रकार. कुटुंबांनी एकत्र वेळ घालवावा म्हणून एक सहल. मनोबल वाढवण्यावर एक व्याख्यान. कोणाचं मनोबल ते ठरलं नव्हतं.

"आणि रोख मदत?" मी विचारलं.

"रोख दिली की माणसाला सवय लागते," अध्यक्ष म्हणाले. "मासा देऊ नये, मासेमारी शिकवावी."

हे गृहस्थ शाकाहारी. शिवाय दर मार्चला हातात पडणाऱ्या बोनसने त्यांना काही वाईट सवय लागल्याचं मला कधी दिसलं नव्हतं. पण मी आणखी एक कप चहा ओतून घेतला. समितीत नवीन होते, आणि त्यांच्याकडे चहा फार चांगला मिळतो. शेवटी माझ्या समाधानासाठी रोख मदतीचं एक लहानसं कलम ठेवण्यात आलं, बॅनरच्या खाली.

पहिल्या दोन महिन्यांत रोख मदतीसाठी एकच अर्ज आला. बाकीचे आम्हाला ओळखून होते.

अर्ज बुकित बातोक नावाच्या उपनगरातून आला होता. गोपनीयता पाळायची म्हणून समितीत कोणाचं नाव घ्यायचं नाही असा नियम आम्ही केला होता, त्यामुळे सगळे त्या बाईला 'बुकित बातोक' म्हणत. आणि बुकित बातोकला मदत मागायची वेळ आलेलं मराठी घर एकच असल्यामुळे पंधरा दिवसांत ती कोण हे मंडळातल्या सर्वांना कळलं. तिचा नवरा तिथल्याच एका लहान कारखान्यात तंत्रज्ञ होता. वीस वर्षांपूर्वी आलेली माणसं, इथलीच नागरिक झालेली. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चौदा वर्षांची एक मुलगी. दोन खोल्यांचं सरकारी भाड्याचं घर. ही बाई सकाळी एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, भांडी घासायला जाई आणि दुपारी नवऱ्याला भरवायला घरी येई.

तिला हवं होतं ते अगदी मोजकं होतं. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये मदतनिसांचा चार महिन्यांचा कोर्स होता. फी नाही, पण पगारही नाही, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हजर राहायचं. पास झालं की तिथेच नोकरी. तिची निवड झाली होती. तेवढे चार महिने नवऱ्याला डे-केअरमध्ये ठेवायला आणि घर चालवायला महिन्याला सहाशे डॉलर कमी पडत होते. ते मिळाले तर कोर्स, नाहीतर भांडी. महिनाअखेर हो की नाही ते हॉस्पिटलला कळवायचं होतं. हे सगळं तिने अर्जात सरळ लिहिलं होतं, मुलीकडून इंग्रजीत लिहून घेऊन. इतका स्पष्ट अर्ज मी बँकेतसुद्धा पाहिलेला नाही.

पण समिती म्हटली की पाहणी आलीच. अध्यक्ष आणि मी अशा दोघांनी घरी जाऊन यायचं ठरलं. मी आदल्या दिवशी फोन केला आणि आपण सगळेच म्हणतो ते म्हणाले, "आम्ही फक्त पाच मिनिटं येतोय हं, काही करू नका."

आता हे वाक्य मराठी बाईला सांगितलं की तिला काय ऐकू येतं हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला कोणी असं सांगितलं तर मी निदान पोहे तरी भिजवते. पण त्या वेळी मी समितीची सभासद होते, आणि समितीत गेलं की माणसाला स्वतःच्याच घरच्या रीती आठवेनाशा होतात.

रविवारी सकाळी अकराला आम्ही पोचलो. दार उघडताक्षणी तुपाचा वास आला. घर लखलखीत. नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलेलं, केस नीट विंचरलेले. टेबलावर फुलांच्या नक्षीच्या कपबशा. आणि मग आला शिरा. केशराचा, तुपाने निथळणारा, वर काजू, बाजूला लिंबाचं लोणचं. अध्यक्षांनी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अहो, असा शिरा मी आईच्या हातचा खाल्ल्यानंतर आजच."

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिने टेबलाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "टुडे हूज बर्थडे, आई?"

आम्ही सगळे हसलो. आई सगळ्यात जास्त हसली. मुलीला बशी दिली तर तिने "लेटर लाह", म्हणजे नंतर खाईन, म्हणून ती टेबलावरच ठेवली, आणि अध्यक्ष म्हणाले, हल्लीच्या मुलांना गोडाचं काही अप्रूपच नाही.

मग मी फॉर्म काढला. खर्च भागतो का? "भागतो हो." औषधपाणी? "चाललंय." मुलीच्या शाळेचं? "ठीक आहे." काही विशेष अडचण? ती म्हणाली, "अडचण कोणाला नसते, ताई. पण ठीक आहे सगळं. तुम्ही अजून थोडा घ्या." आणि मी घेतला. आग्रह मोडवत नाही असं मी तोंडाने म्हणाले; खरं कारण म्हणजे शिरा उत्तम झाला होता.

ज्या बाईने कागदावर सगळं खडखडीत लिहिलं होतं, ती घरात पाहुणे बसलेले असताना तोंडाने ते कसं सांगेल? आपल्याकडे दारात आलेल्याला दुःख सांगत नाहीत, आधी पाणी देतात. हे सिंगापूरच्या सरकारला माहीत नसलं तर चालेल. ते माहीत असणारी माणसं म्हणून तर आम्हाला पाठवलं होतं.

लिफ्टमध्ये अध्यक्ष म्हणाले, "तशी परिस्थिती बरी दिसते. काजू बघितलेत?"

मी म्हणाले, "हो, भरपूर होते."

झालं. उंटावरून शेळ्या हाकायच्या ठरवल्या की त्या किती लवकर वाटेला लागतात ते पुढच्या बैठकीत दिसलं. बुकित बातोकला रोख रकमेची तितकी निकड नाही, मात्र नियोजनाच्या कार्यशाळेला तिला खास आमंत्रण द्यावं, असं एकमताने ठरलं. त्या एकमतात माझंही मत होतं. आणि तिला अगदीच रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर एक छानसं पत्र द्यावं, कुठेतरी उपयोगी पडेल, अशी सूचना अध्यक्षांनी केली. पत्र अर्थातच मी लिहायचं.

मी मन लावून लिहिलं. हे कुटुंब अत्यंत सुसंस्कृत आणि समाधानी असून घर टापटिपीचं आहे, गृहिणी कर्तबगार आहे, मुलगी विनयशील आहे, अडचणीतही या घरातला पाहुणचार वाखाणण्यासारखा आहे. आपल्यात गरिबाची स्तुती करायची तर तो तक्रार करत नाही असंच म्हणायची पद्धत आहे, तीच मी इंग्रजीत नेली. अध्यक्षांना पत्र इतकं आवडलं की त्यांनी ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं.

कार्यशाळा शनिवारी झाली. हॉलमध्ये तीसेक जण होते, बहुतेक समितीचे नातेवाईक आणि मैत्रिणी, कारण रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात. ज्यांच्यासाठी ती होती अशी एकच बाई आली होती, आणि तिने त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवली होती. वक्ता विमा विकणारा. त्याने सांगितलं की रोजची बाहेरची कॉफी बंद केली तर वर्षाला परदेश प्रवासाइतके पैसे वाचतात. ती बाई वहीत लिहून घेत होती. तिने काय लिहिलं असेल याचा विचार माझ्या मनात आला, पण तेवढ्यात अल्पोपाहाराचे डबे मोजायला मला बोलावलं.

जाताना ती माझ्याकडे आली. भीक नको पण कुत्रं आवर असं म्हणण्याचा तिला पुरेपूर हक्क होता, पण तिने आधी कार्यक्रम छान झाला म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "ताई, मी सरकारी ऑफिसात मदतीचा अर्ज टाकलाय. बुधवारी बोलावलंय. तुमचं पत्र जोडलं तर चालेल ना?"

"अहो, जोडा की! त्याच्यासाठीच तर दिलंय."

"आणि तुम्ही याल का बरोबर? मुलीची परीक्षा आहे. मला इंग्रजीत नीट सांगायला जमत नाही."

मी लगेच हो म्हणाले. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सेंगकांगच्या माझ्या घरून बुकित बातोक म्हणजे बेटाचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या बसल्या मला स्वतःविषयी इतकं बरं वाटत होतं की शेजारी उभ्या असलेल्या आजोबांना मी कारण नसताना जागा दिली, आणि ते पुढच्याच स्टेशनला उतरले.

ऑफिसात आमच्यासमोर बसलेली अधिकारी चिनी मुलगी होती, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. आवाज मऊ, काम चोख. तिने अर्ज वाचला, हॉस्पिटलचं निवडपत्र वाचलं, नवऱ्याचे वैद्यकीय कागद वाचले. मान हलवत होती. मग ती आमच्या लेटरहेडवर आली. माझं पत्र तिने दोनदा वाचलं. काही ओळी तर हळू आवाजात उच्चारून वाचल्या. बैठकीत जी वाक्यं इतकी गोड लागली होती ती त्या टेबलावर ऐकताना माझे कान गरम झाले.

"आंटी," ती तिला म्हणाली, "धिस लेटर से एव्हरीथिंग ओके, व्हॉट. फॅमिली व्हेरी कंटेंट. होम व्हेरी नाइस. सो यू नीड हेल्प, ऑर नो नीड?"

टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. एका फाइलमध्ये दोन घरं होती आणि दोन्हींचा पत्ता एकच होता.

माझ्या शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. मग सरळ बसून म्हणाली, "येस. मॅडम राइट करेक्ट. लेटर करेक्ट."

"अहो, हे काय बोलताय तुम्ही?" मी मराठीत म्हणाले. "कोर्स जाईल तुमचा!"

"मग काय सांगू, ताई?" तीही मराठीतच, खालच्या आवाजात. "तुम्ही इथे बसलेल्या असताना तुमचं पत्र खोटं आहे असं कसं म्हणू? बरं दिसतं का ते?"

माझी अब्रू राखायला ती चार महिन्यांचा तो कोर्स सोडायला तयार होती. मी आयुष्यात पुष्कळ वेळा ओशाळले आहे, पण त्या खुर्चीत जशी लाज वाटली तशी कधी वाटली नाही. मी त्या अधिकारी मुलीला सांगितलं की पत्र मीच लिहिलंय आणि ते चुकीचं आहे. आम्ही घर पाहायला गेलो आणि पाहुणे होऊन परत आलो. तिला हे कितपत कळलं कोण जाणे. तिने मला एक कोरा कागद दिला. "देन आंटी राइट अगेन, कॅन? ओन्ली व्हॉट इज रिअली हॅपनिंग."

मग मी जे रविवारी विचारायला हवं होतं ते बुधवारी विचारायला बसले. काल रात्री काय जेवलात? "मी आणि मुलगी भात आणि अंडं. यांना पेज." नवऱ्याचा व्यायाम घेणारे येतात का? "जानेवारीपासून बंद केलंय." आणि तो शिरा? ती ओशाळून हसली. तूप आणि कपबशा शेजारच्या तमिळ मावशींच्या होत्या. "काजू मात्र तुमचेच, ताई. मंडळाने दिवाळीला डबा दिला होता ना, त्यातले ठेवले होते मी. कोणी आलं-गेलं तर असावेत म्हणून."

"तुमची स्वतःची काही औषधं?"

"बीपीच्या गोळ्या आहेत. एक दिवसाआड घेते. रोज घेतल्या तर महिना पुरत नाहीत."

मी लिहीत होते. माझं ते बक्षीसपात्र इंग्रजी आता फार साधं झालं होतं, दुसरी-तिसरीतल्या मुलाने लिहावं तसं. एका वाक्यात एक गोष्ट. अर्धं पान झालं तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ताई, फार वाईट नका लिहू हं. याची कॉपी घरी येते. मुलगी सगळी पत्रं वाचते. गोळ्यांचं तिला माहीत नाही."

मी पेन उचललं. सुंदर लिहावं तर तिला दमडी मिळणार नाही, खरं लिहावं तर मुलीला कळणार. इतके दिवस समितीत बसून मी दुसऱ्यांच्या गरिबीचे मसुदे केले, पण त्यातली एकही ओळ त्या घरातलं कोणी वाचेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी गोळ्यांचंही लिहिलं. लिहून झाल्यावर त्या अधिकारी मुलीला विचारलं, याची प्रत घरी न पाठवता इथेच ठेवता येईल का. फाइलवर एक खूण करत ती म्हणाली, "कॅन."

मदत मिळाली, हे इथेच सांगून टाकते. चार महिन्यांची, कोर्स सुरू व्हायच्या आत. आमच्या वार्षिक अहवालात 'एका गरजू कुटुंबाला शासकीय साहाय्य मिळवून दिले' अशी ओळ आली, शेजारी कार्यशाळेचा फोटो. अहवाल त्या वर्षी मी लिहिला नाही. माझं इंग्रजी बिघडलंय असं मी अध्यक्षांना कळवलं होतं.

पण त्या बुधवारी आम्हाला हे काही माहीत नव्हतं. नवीन कागद फाइलमध्ये लागला, आम्ही उठलो. ती दोन पावलं गेली आणि परत टेबलाशी आली. मला वाटलं काही सांगायचं राहिलं असेल.

"ताई, यांना विचारा ना," ती म्हणाली. "ते आधीचं पत्र आता यांच्या उपयोगाचं नाही, तर मला परत मिळेल का? मुलीला वाचायला देईन म्हणते."

मी विचारलं. त्या अधिकारी मुलीने फाइलमधून माझं पत्र काढून दिलं. बाईने ते दोन्ही हातांनी घेतलं, घडी पडू नये म्हणून हॉस्पिटलच्या निवडपत्राच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि पिशवीत उभं ठेवलं.